चौथ्या मजल्यावरचं दुखणं

लिफ्ट दुरुस्त करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. लोकांना वाटतं, लिफ्टवाला मजेत वरखाली फिरत असेल. पण चालू लिफ्टसाठी आम्हाला बोलावतंय कोण? ती बंद पडली की बोलावणं येतं, आणि मशीनची खोली असते गच्चीवर. त्यामुळे जन्मभर मी जिनेच चढलो.

शेवटच्या वर्षी तीन-चार मजले चढलो की छाती आवळल्यासारखी व्हायची. कळ जबड्यापर्यंत जायची. दोन मिनिटं थांबलो की गायब. मी निदान करून मोकळा: गॅसेस! बायकोला सांगितलं नाही. ती डॉक्टरकडे नेणार, डॉक्टर सिगारेट सोडायला लावणार, आणि मी सिगारेट ओढतो हे तिला ठाऊक नाही, असा माझा गोड गैरसमज होता.

एका सातमजली इमारतीत तीन दिवस खेपा चालल्या होत्या. दर खेपेला चौथ्या मजल्यावर थांबायचो आणि लाज राखायला लिफ्टचं बटण तपासल्याचं नाटक करायचो. समोर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई दारातून बघत होत्या.

"दादा, बटण आजारी आहे की तुम्ही?"

"किरकोळ काम आहे, बाई."

"चढताना दुखतं, थांबलं की जातं?"

"अगदी बरोबर. गॅसेस."

"गॅसेसना मजले मोजता येत नाहीत. बसा इथे."

त्यांनी खुर्ची दिली, रुग्णवाहिका बोलावली, माझ्याच मोबाईलवरून बायकोला फोन लावला. मी म्हणालो, "आधी लिफ्ट चालू करतो, मग तिनेच खाली जातो." कुणी ऐकेना. तीन दिवस माझ्या नावाने बोटं मोडणाऱ्या रहिवाशांनीच मला खुर्चीसकट खाली उतरवलं. माझ्या वजनाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. धापा मात्र स्पष्ट ऐकू येत होत्या.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झालीय. हा अँजायना. कधीपासून दुखतंय?"

"झाले असतील चार दिवस."

"पाच महिने," बायको म्हणाली. "छाती चोळत असतात. विचारलं की म्हणतात, शर्ट टोचतोय. बाराच्या बारा शर्ट टोचतात यांना."

स्टेंट बसला, सिगारेट सुटली. कंपनीने मला फोनवर तक्रारी घ्यायला बसवलं.

महिन्याभराने आम्ही दोघं फिरायला गेलो, तेव्हा चढावर छाती जराशी आवळली. सवयीने बुटाची नाडी बांधायचं नाटक करणार होतो. पण म्हणालो, "थांब गं, दुखतंय."

तिने मला कट्ट्यावर बसवलं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवली, हात धरून बसली. कळ ओसरल्यावर मी उठायला लागलो.

"बसा अजून," ती म्हणाली. "मलाही दम लागलाय."