दगडावरचा दामू

१० फेब्रुवारी १९५२, रविवार, सकाळी नऊ. कोपरीच्या शाळेत स्मारक समितीची सभा. हजर: अध्यक्ष हेडमास्तर, पेन्शनीतले हवालदार, गावचे पाटील, मिठागरावरचा दामू आणि चिटणीस मी. हजेरीत दामूचे नाव पुकारले, तसा तो हात वर करून म्हणाला, "कैलासवासी हजर!"

सगळे हसले. गावात त्याला हाकच तशी मारत. "काय रे कैलासवासी, चहा घेणार?" "मेलेल्याला विचारतात का? ठेवा समोर!"

सरकारी कागदात दामू खरोखरच मेलेला होता. लढाई चालू असताना त्याचा धाकटा भाऊ विठू सोळाव्या वर्षी कल्याणला जाऊन फौजेत भरती झाला, तो थोरल्याचा शाळेचा दाखला दाखवून. इटलीत तो पडला. तार आली ती दामोदर गणपत याच्या मरणाची, आणि पोस्टमनने ती दामूच्याच हातात दिली. कैलासवासीची थट्टा त्याने स्वतःच सुरू केली. लोक हसले की पुढचे काही विचारत नाहीत, हे त्याला कळले होते.

सभेत पाटील म्हणाले, "गोरे गेले. त्यांच्या फौजेत मेलेल्यांचा दगड आपण कशाला लावायचा?"

दामू सभेत कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "पाटील, फौज गोऱ्यांची होती. पोरं तर आपलीच होती ना?"

ठराव झाला. नियम मी लिहिला: सरकारी कागदावर असेल तेच नाव दगडावर येईल. पाच कागद आले, पाच नावे झाली; चौथे दामोदर गणपत.

सभा उठल्यावर दामू मागे थांबला. "भाऊ, चौथ्या ओळीत विठूचं नाव घाला."

"कागद आण."

"कुठून आणू? दाखला मीच दिला त्याला. दोन दिवस जेवला नव्हता, म्हणून दिला."

मी म्हणालो, "एकाला सूट दिली की यादीला अर्थ राहत नाही." तो "बरं" म्हणाला आणि गेला. वाद घालणे त्याच्या स्वभावातच नव्हते. माझे बरोबर आहे, असे मला तेव्हा वाटले.

दगड बसला त्या दिवशी तो आईला घेऊन आला. काकींना अक्षरओळख नव्हती. त्याने त्यांचे बोट धरून चौथ्या ओळीवर ठेवले आणि वाचले, "वि... ठ्ठ... ल." दगडावर दामोदरची चार अक्षरे होती. उरलेल्या चौथ्या अक्षरावरून त्याने बोट हळूच पुढे नेले. हवालदारांनी तोंड फिरवले. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सरकार चुकला व्हता. आपले मानसांनी बराबर लिवला."

मी समितीची वही मिटली.

विठूची राखसुद्धा घरी आली नव्हती. म्हणून पितृपक्षात त्याचे पान काकी दगडासमोर मांडू लागल्या. भात, वडे, त्याला आवडायचे ते सुक्या बोंबलाचे कालवणही. कावळा शिवेपर्यंत दामू शेजारी उकिडवा बसून राही. मला एकदा म्हणाला, "स्वतःचं श्राद्ध डोळ्यांनी बघायला भाग्य लागतं, भाऊ." मी हसलो. तो त्या दिवशी हसला नाही. "जेवण त्याचं आहे," तो म्हणाला, "आणि नाव माझं. त्याला सापडत असेल का?"

छप्पन साली काविळीने दामू आठ दिवसांत गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकी माझ्या दारात आल्या. पायरीवरच बसल्या.

"दामूचा पन नाव घाला त्या दगडावर, इठूच्या बाजूला. दोगं भाव एके ठिकानी ऱ्हातील."

दामूचे नाव तिथे चार वर्षे होतेच. नव्हते ते विठूचे. नियमावर बोट ठेवायला मला जागा होती, पण तोंड उघडले तेव्हा "घालतो, काकी" एवढेच निघाले.

दगडावर नावांखाली उरलेली जागा मी मोजून आलो आहे. एक ओळ बसते. पाथरवटाला द्यायच्या चिठ्ठीवर "विठ्ठल गणपत" असे लिहूनही ठेवले आहे. पण नियम मोडायला समितीचा ठराव हवा. हेडमास्तर बदलून गेले. हवालदारांनी लगेच सही केली. पाटील म्हणतात, "कागद दाखवा." माझेच वाक्य ते मला ऐकवतात.

काकींना आता नीट दिसत नाही. भेटल्या की हात चाचपून विचारतात, "झाला का रे?"

पाटलांची सही अजून व्हायची आहे.