बिनकामाचं चालणं

बोरीच्या केशरबाईला चढ म्हणजे काय ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. जिंतूर-परभणी रस्त्यावरचं हे गाव, चहूकडं काळं रान, नजर जाईल तिथवर ज्वारी नाहीतर कापूस. चालता चालता दम लागावा असं तिथं काही नव्हतंच.

तिचा नवरा चंद्रभान एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावोगाव घरं जळाली, गाड्या फुटल्या. काचा नसलेल्या गाड्यांची डेपोत रांग लागली, आणि चंद्रभान कितीतरी दिवस घरी येऊ शकला नाही. पुढं दोन वर्षांनी त्याच्या बदलीचा हुकूम आला तो थेट रत्नागिरीचा. घरात थोरला भाऊ माणिकराव, त्याची बायको कमलबाई आणि त्यांची लेकरं होती. केशरबाईला मूलबाळ नव्हतं. तेव्हा तिनं इथं राहून तरी काय करायचं, जाऊ दे नवऱ्यासंगं, असं घरानं ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही.

मांडवीच्या अंगाला पावसकर नावाच्या घरमालकांच्या परसात एक खोली मिळाली. चंद्रभान दिवस उगवायच्या आत जायचा, तो दिवेलागणीला यायचा. मधला सगळा दिवस केशरबाई आणि चार भिंती. नळावर ती "पानी लय बारीक येयलंय" म्हणाली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या वाईट नव्हत्या, पण केशरबाईनं बोलणंच सोडलं. मासळीच्या वासानं तिला घास गिळेना. त्यात पाऊस लागला तो उघडायचं नाव घेईना. दिवाळीपर्यंत तिची अशी दशा झाली, की विहिरीच्या चार पायऱ्या चढल्या तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की अंगात रक्त कमी आहे, बाकी रोग काही नाही. रोज बाहेर पडा, मोकळ्या हवेत चाला, पण चढाला जाऊ नका.

आता रत्नागिरीत चढ टाळून चालायचं म्हणजे अवघड काम. चंद्रभाननं डेपोतल्या लोकांना विचारून विचारून सपाट रस्ते हुडकले. पहिल्या सुट्टीला तो तिला घेऊन निघाला. गावाकडच्या सवयीनं तो पुढं, ती डोक्यावर पदर घेऊन मागं. जेटीच्या रस्त्यावर तिला धाप लागली आणि ती तिथंच थांबली. बऱ्याच वेळानं चंद्रभानच्या ध्यानात आलं. तो माघारी आला, तिचा श्वास जागेवर येईपर्यंत उभा राहिला. ती पडेल या भ्यानं तिथून पुढं तो तिच्या बरोबरीनं चालला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून ती रस्त्यानं पहिल्यांदाच चालत होती. तिनं चोरून इकडंतिकडं पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

पुढं तिचे तीन रस्ते पक्के झाले. एक घरापासून मांडवीच्या जेटीपर्यंतचा. तिथली वाळू काळी. पहिल्या दिवशी ती वाळू पाहून केशरबाईला भरूनच आलं, कारण पाणी सरलं की ती अगदी पाऊस पडून गेलेल्या रानासारखी दिसायची. वहाणा हातात घेऊन ती तिच्यावर पाय ठेवायची. बोरीची माती पायाला धरून ठेवते. ही मात्र लगेच सोडून द्यायची. दुसरा रस्ता राम आळीतल्या बाजारातून. तिथं भांड्यांची, कापडाची दुकानं बघत सावलीसावलीनं जायचं आणि त्याच वाटेनं परतायचं. तिसरा राजिवड्यावरून भाट्याच्या पुलावर. पूल लांबलचक आणि सरळ, खाली खाडीत होड्या, आणि वारा असा की पदर धरूनच चालावं लागे. पलीकडं सुरूचं बन होतं. तिथं थोडं बसायचं आणि उन्हं कलली की माघारी.

आधी चंद्रभान सोबत असायचा, मग डेपोतल्या पाळीमुळं त्याला जमेना आणि ती एकटीच जाऊ लागली. बोरीत बाई घराबाहेर पडली की प्रत्येक दारातून विचारणा होते, कुठं जायलीस, काय आणायलीस, कुणाकडं. इथं ती उत्तर तयार ठेवून निघायची आणि कुणी विचारायचंच नाही. आख्खा महिना गेला. एकदा जेटीच्या कठड्यावर बसून ती नुसती रडली. आपण चाललो काय, नाही काय, या गावाला पत्ताच नाही, असं तिला वाटलं. पण पाय थांबले नाहीत. हळूहळू तिला त्या न विचारण्याची गोडी लागली. अंगात रक्त भरलं. पावसकर काकू दारातून हात करायच्या, ती हात करायची, तेवढं पुरायचं.

सुट्टीच्या दिवशी मात्र चंद्रभान यायचा, आणि पुलावर वाऱ्यात तो बोलायचा. घरात कधी न बोलला ते बोलायचा. दंगलीत गाडीवर दगड आले तेव्हा आपण सीटखाली लपलो, हे त्यानं तिथंच सांगितलं. लेकरू झालं असतं तर नाव काय ठेवलं असतं, हेही. केशरबाईला वाटायचं, संसार म्हणतात तो हाच असावा.

सात वर्षं अशी गेली. माणिकरावाचे पाय गेले, शेत बघायला माणूस मिळेना. चंद्रभाननं खटपट करून जिंतूर डेपोला बदली घेतली आणि दोघं बोरीला आली.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी केशरबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. चंद्रभान कधीच पारावर जाऊन बसला होता. पुढच्या सुट्टीला तिनं त्याला चहा देताना विचारलं, "आज वाईच रस्त्यानं चलता का? तिथं जायचो तसं."

चंद्रभाननं आत कमलबाई आहे का ते आधी पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "तिथलं तिथं. इथं लोक हासतील."

"तिथं बी लोक व्हतेच की."

"तिथं आपल्याला कोण वळखत व्हतं?" तो म्हणाला आणि बशी खाली ठेवून उठला.

तो रागानं बोलला नव्हता. पण त्या रात्री केशरबाईला त्या सात वर्षांचा सगळा हिशेब नव्यानं लागला. ती समजत होती की तो तिच्यासाठी तिच्या बरोबर चालतो. तो चालत होता ते कुणी बघत नव्हतं म्हणून.

तरी पाय ऐकेनात. गावात संध्याकाळी बाईनं एकटं बाहेर पडायला एकच कारण चालायचं. केशरबाई हातात तांब्या घेऊन निघायची, गावाबाहेर गेली की पाणी एखाद्या बाभळीला ओतायची आणि जिंतूरच्या रस्त्यानं सरळ चालत सुटायची. दिवस मावळताना परत. महिन्याभरात कमलबाईची खात्री झाली, की जावेचं पोट बिघडलंय. तिनं बेलफळाचा मुरंबा आणून दिला, ताकात हिंग घालून दिलं, मिरची बंद केली. केशरबाईनं तेही मुकाट्यानं खाल्लं. हसू येत होतं, पण ज्याच्यासंगं हसावं तो पारावर होता.

मग सटवाजी नावाच्या भावकीतल्या माणसानं तिला पार पुढच्या गावाच्या शिवेजवळ पाहिलं, आणि गावात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणे तिला बाहेरचं लागलंय, कुणी त्याहून वाईट. कमलबाईनं तिला माजघरात घेऊन खरं काय ते विचारलं.

केशरबाई म्हणाली, "अक्का, मी नुसती चालते. कुठंबी जात न्हाई, कुणालाबी भेटत न्हाई. चालते अन् येते."

"काम नसताना?"

"काम नसताना."

कमलबाईला ते समजलं नाही, पण खोटं वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, की मग तांब्या घेऊन जात जाऊ नको, लोक त्यालाच हासायलेत.

दुसऱ्या दिवसापासून केशरबाई मोकळ्या हातानं निघाली. दारादारांतून विचारलं गेलं. ती "फिरायला" म्हणायची. पोरं मागं लागली, बायका खिदळल्या, चंद्रभान घरात चार दिवस बोलला नाही. एक सुगी गेली, दुसरी गेली, मग लोकांनी विचारणं सोडलं. दिवस कलला की केशरबाई जाणार, हे गावानं धरून घेतलं. मात्र सोबत यायला कुणी तयार नव्हतं. तिनं दोघीतिघींना विचारून पाहिलं. त्या हसून घरात गेल्या. रत्नागिरीत ती अनोळखी म्हणून एकटी होती. इथं सगळे ओळखत असून एकटी.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. परभणीकडून नाना बातम्या येऊ लागल्या, गाड्या बंद झाल्या. पुन्हा अठ्ठ्याहत्तर होतं की काय, या धास्तीनं माणसं लवकर दारं लावून घेत होती. चंद्रभान घरीच होता. आज जाऊ नको, असं तो सकाळीच म्हणाला होता, पण केशरबाई गेली. रस्त्यावर एक वाहन नव्हतं. दोन्हीकडं ज्वारी हुरड्यात आलेली, आणि मधून ती एकटी.

परतताना तिला गावाजवळ रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. ती थबकली. माणूस उठून उभा राहिला तेव्हा उभं राहण्याच्या ढबीवरून तिनं ओळखलं.

"उशीर केलास," चंद्रभान म्हणाला.

"रोजच्याच वक्ताला आले."

तो घराकडं वळला, ती त्याच्या मागं चालू लागली.

चार-सहा दिवसांत गाड्या सुरू झाल्या. भीती ओसरली. तरी ड्युटी नसली की चंद्रभान मोरीवर येऊन बसायचा. कशाला येता, असं तिनं विचारलं नाही. मोरीच्या पुढं तो कधी गेला नाही, आणि तिनंही पुन्हा बोलावलं नाही. ती दिसली की तो उठायचा आणि पुढं व्हायचा. गावातलं पहिलं घर येईपर्यंत सावकाश, तिची पावलं मागं ऐकू येत राहतील अशा बेतानं चालायचा. तिथून पुढं मात्र झपाझप, गावातल्या कुठल्याही गड्यासारखा.