माहेरच्या नावाचा कॉलम

नोंदवह्या वाळवीनं खाल्ल्या, किस्से मात्र वाढतच गेले. आरोग्य केंद्रात मी आधी झाडू मारला, मग औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले, मग नोंदवहीच माझ्या हाती आली. तेव्हा सांगणारच मी.

कापसाची ती वाईट वर्षं. गाड्या भरून साहेब यायचे, मेलेल्या शेतकऱ्यांची माहिती न्यायचे. जिवंत बाईचं वजन कोणी विचारलं नाही.

*

पुढं ठरलं, सगळ्या केंद्रांची माहिती एकाच कॉम्प्युटरात जाणार, म्हणून फॉर्मही एकच. यवतमाळला मीटिंग. पाहते तर वणीवाले वय लिहीत, केळापूरवाले जन्मसाल, आणि आम्ही 'पोळ्याच्या आधीची'! कॉम्प्युटरवाले साहेब डोकं धरून बसले.

*

त्यांच्या फॉर्मात बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मी विचारलं, माहेरचं नाव कुठं? आमच्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलतात, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. तपासणी सासरी एका नावानं, बाळंतपण दुसऱ्याच नावानं.

"मावशी, कॉलम वाढला तर फॉर्म दुसऱ्या पानावर जाईल."

"पोरगी दुसऱ्या घरी जाते, साहेब. तुमच्या फॉर्मले काय धाड भरली?"

सगळे हसले. कॉलम काही मिळाला नाही.

*

केंद्रात परत येऊन मीच वहीत तो कॉलम फूटपट्टीनं आखला. वणीच्या केंद्रातल्या सिस्टरलाही दटावून आखायला लावला. आमचे डॉक्टर म्हणाले, वही खराब केली. म्हटलं, पेन्सिलीनं आखलाय, खोडरबर तुमच्याच टेबलावर आहे.

*

मग शांता आली. वणीकडं दिलेली, नववा महिना, अंगात ताप, शुद्ध नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. कोणतं औषध तिला सोसत नाही, हे सोबत आलेल्या आईला माहीत नव्हतं. मी वणीला फोन लावला. शांता नावाची कोणी नाही, सिस्टर म्हणाली. नवऱ्याचं नाव सांगितलं, तर त्या नावाआडनावाचे गावात तिघं.

"सासरचं नाव काय वं तिचं?" मी आईला विचारलं.

"मले वाचता येते का बाई? ताटातल्या तांदळात लिहिलं होतं. आमची त शांताच."

डॉक्टरांनी दंडावर कापूस फिरवला.

"आपण आखला तो कॉलम पाह्य," मी फोनमध्ये म्हटलं.

पानं उलटल्याचा आवाज. मग सिस्टर वाचू लागली, वैशाली, माहेरचं नाव शांता, आणि पुढं लाल शाईत 'सोसत नाही' म्हणून त्याच इंजेक्शनचं नाव.

मी डॉक्टरांचा हात धरला.

तिसऱ्या दिवशी शांता पोरगी कुशीत घेऊन उठून बसली. डॉक्टर माझ्या टेबलापाशी आले. वही उघडली, खिशातला शाईचा पेन काढला.

"मावशी, फूटपट्टी कुठे आहे?"