आमच्या विरुद्ध उभे राहणारे साहू साहेब

माह्या पोराले सजा व्हावी म्हणून ज्याले सरकार पगार देत होतं, तो माणूस आज सकाळी गेला.

आणि मी बसून रडून राहिली.

हार्ट अटॅक. आमच्या वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होती. तशीच पडली आहे ती.

साहू साहेब सरकारी वकील होते. इथं रायपूरच्या स्पेशल कोर्टात, जिथं फक्त नशेच्या केसेस चालतात.

माहा धाकटा संजू. बत्तीस वर्षांचा घोडा. सदर बाजारात कपड्याच्या दुकानात कामाले होता. खिशात नशेच्या गोळ्यांची स्ट्रिप सापडली, पोलिसांनी उचलला.

पहिल्या तारखेले मी एकटीच गेली. जिकडे पाहावं तिकडे काळे कोट.
त्यातला एक कोट उठला. मले स्वतःची खुर्ची दिली. "बैठो दाई." इकडे आईले दाई म्हणतात.

मले वाटलं, खुर्ची देतो म्हणजे आपलाच वकील असंल.

मग काय! सगळं सांगून टाकलं. तीन वर्षं झाली, गोळ्या खातो. मिक्सर विकला. माह्या तोरड्या विकल्या. थरथरायला लागला की पाहवत नव्हतं, म्हणून मागच्या दाराची कडी मीच काढून देत होती, जा बाबा, खाऊन ये.

हे कोणालेच सांगितलं नव्हतं मी.

त्यायनं हात वर केला. "दाई, रुको. मैं तो सामने वाला हूँ. तुम्हारे बेटे के खिलाफ."

आईच्याच तोंडानं पोरगा जेलात चालला!

घाबरली की मी भांडते. "मग आधी काहून नाही सांगितलं?"

"दाई, तुमने साँस ही कहाँ ली?"

मग ते कोर्टानं आमच्यासाठी नेमलेल्या वकीलबाईंकडे गेले. मी बाजूलेच उभी होती. म्हणाले, पोरगा विकत नाही, खातो. माल थोडा आहे. त्यानं स्वतः इलाज मागितला तर कायद्यात वाट आहे, केस थांबते. पण इलाज सोडून पळाला, तर केस परत उभी. "और तब मैं ही उसके खिलाफ खड़ा रहूँगा, दाई. यह भी सुन लो."

ऐकलं. तेव्हापासून माह्या छातीत जी धडधड बसली, ती उठलीच नाही.

संजूनं जजसाहेबांसमोर इलाज मागितला. साहू साहेब म्हणाले, शासन को आपत्ति नहीं. म्हणजे सरकारची हरकत नाही.

बाहेर एका पोलिसवाल्यानं टोमणा मारला, "साहब, आप हो किसकी तरफ से?"
"सरकार की. यह लड़का क्या सरकार का नहीं है?"

मी मनात म्हणलं, सरकारचा काहून? नऊ महिने तर मी वागवला!

संजूले नवा रायपूरच्या रोडवरच्या नशामुक्ती केंद्रात भरती केलं.
आठव्या दिवशी भिंत चढून पळाला. भर दुपारी चौबे कॉलोनीत, आमच्या दारात उभा. "आई, कोणाले सांगू नको."

मी ऑटो बोलावला, केंद्रात परत न्यायले. पूर्ण रस्ता त्याच्या शर्टाची कॉलर धरून बसली. ऑटोवाल्याले वाटलं, चोर पकडला बुढीनं.

तारखेले साहू साहेब दिसले, हातात केंद्राचा कागद. मी हात जोडले. "साहेब, हे कोर्टात नका सांगू."

"छुपाऊँगा नहीं दाई."

लय शिव्या दिल्या मी त्यायले. मनात.

त्यायनं खरंच सांगितलं, पोरगा पळाला. मग त्याच आवाजात हेही सांगितलं, त्याच दिवशी आईनं परत आणून सोडला, डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे, एक मौका द्यावा. ना झाकलं, ना वाढवलं.

जजसाहेबांनी मौका दिला.

आता सात महिने झाले. संजू मोजून तीन वेळा हसला आहे. इलाजाचे आणखी दोन महिने बाकी आहेत.

पुढच्या तारखेले कोण नवीन साहेब उभे राहतील, कसे असतील, मले माहीत नाही. ते कागदात "पळाला" वाचून थांबले तर? पुढची ओळ वाचलीच नाही तर?

केंद्रातून फोन आला की दर वेळी संजू विचारतो, साहू साहेब काही म्हणाले का.

नात हे टाइप करून राहिली. म्हणते, "आजी, चाचा को अभी मत बताओ. दो महीने बाद बता देना. टूट गया तो?"

तेच भेव मलेही आहे.

पण दोन महिने मी त्याच्या तोंडावर खोटं कसं बोलू? आणि माह्याआधी दुसऱ्या कोणाकडून कळलं तर?

ऑटो बोलावला आहे. मीच जाऊन सांगते. रडला तर रडू देईन. संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळच बसीन.

साहू साहेब, तुमच्या घरच्यांले धीर मिळो.

या तारखेले तुम्ही नसाल. आम्ही दोघं येऊ.

राम राम, साहेब.