धडधाकट माणसाची बायको

बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं ज्यानं कुणी म्हणून ठेवलंय, त्यानं क्रेनवाल्याची बायको पाहिली नव्हती. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाचा मुलगा परीक्षेच्या दिवशी बागेत बसून आला, सगळं तिला ठाऊक असायचं आणि तिच्याकडून कुणालाही कळायचं नाही. दिरानं तिचं नाव 'तिजोरी' ठेवलं होतं, ते गल्लीनं उचललं. ती खिडकीशी बसून शर्टांची काजं करायची, दाराशी कुणीतरी मन मोकळं करत असायचं, आणि तिची सुई काही थांबायची नाही.

सगळ्यात मोठं गुपित मात्र घरचंच होतं. तिच्या नवऱ्याला शुगर होती.

शुगर असणं म्हणजे काही चोरी नव्हे. पण नवरा लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवायचा. छताखालच्या काचेच्या खोलीत बसून पत्र्यांचे गठ्ठे माणसांच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा. शुगर निघाली की कंपनी वर चढू देत नसे. मध्येच चक्कर आली तर? नियम काही वेडा नव्हता, हे तिलाही कळत होतं. पण असाच खाली उतरवलेला एक क्रेनवाला हातात झाडू घेऊन फिरताना नवऱ्यानं पाहिला होता. "झाडू मारायला लाज नाही गं," तो जेवताना म्हणाला, "पण त्याच गोदामात? जी माणसं मान वर करून माझ्याकडे बघायची, त्यांच्या पायाखालचं मी झाडायचं?" त्याचा घास हातातच राहिला. तो अर्धपोटी उठलेला तिला बघवला नाही, आणि तोड तिनंच काढली.

वर्षाच्या तपासणीला त्याच्याऐवजी धाकटा दीर जाऊ लागला. दोघे भाऊ एकाच साच्यातले. दादाची टोपी घातली की रक्त घेणारा वर बघायचेही कष्ट घेत नसे. दीर बेकरीत भट्टीवर होता, हसरा गडी. "वहिनी, दादाच्या नावानं मी दर वर्षी पास होतो," तो म्हणायचा, "शाळेत माझ्या नावानं एकदा झालो असेन तर शपथ!" तिघंही पोट धरून हसायची. गोळ्या ती बटणांच्या डब्यात ठेवायची आणि सकाळी चहाबरोबर त्याच्या हातावर द्यायची. भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही कधी वास लागला नाही.

त्या शेजारणीचं सगळंच उलटं. नवऱ्याची दुखणी ती चारचौघांत वाटत फिरायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. देह अवाढव्य, शुगर, बीपी, आणि दुपारी घोरायला लागला की इकडच्या फळीवरचे डबे वाजावेत. क्रेनवाला भिंतीवर थाप मारून ओरडायचा, "अहो, तेवढं एक घड्याळ बंद करा!" कोरोना आला तेव्हा गल्लीनं मनातल्या मनात पहिला नंबर घड्याळवाल्याचाच लावून ठेवला होता. तोंडाला मास्क लावला तरी लोकांचं मन कुठे झाकतंय?

पण ताप आला तो क्रेनवाल्याला. खोकला आला, आणि एका सकाळी जिना चढताना तो मध्येच बसला. दिरानं आणि तिनं त्याला धरून खेळाच्या हॉलमध्ये नेलं. हॉलचा आता दवाखाना झाला होता, दाराशी रांग होती. आपल्यामागे खोकत उभा असलेला माणूस नवऱ्याचा मुकादम आहे, हे तिला आत शिरतानाच दिसलं.

टेबलामागचा डॉक्टर पोरसवदा होता. प्लास्टिकच्या कपड्यांत घामानं निथळत तो मोठ्यानं विचारत होता, कारण त्या आवरणातून हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नव्हतं. "शुगर आहे? बीपी? हार्टचं काही? दमा?"

सांगायचं की नाही, असा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. इतक्या वर्षांची जिभेला सवय. शिवाय शुगरवाल्यांना बाजूला टाकतात, खाट देत नाहीत, अशी गल्लीत वदंता होतीच. "छे हो," ती म्हणाली, "धडधाकट आहेत अगदी. क्रेन चालवतात."

"मग घाबरू नका," डॉक्टर म्हणाला. त्या घामेजल्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्याचं दिसलं. नवऱ्यानं जाता जाता तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. गोळ्या तिनं त्याच्या मोज्यात दडवून दिल्या होत्या.

त्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली आणि श्वास खरंच सुधारला. फोनवर पूर्ण वाक्यं बोलू लागला. दीर म्हणाला, "बघ वहिनी, दादा इथेही पास." ती हसली. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग यायचा.

मग एका दुपारी नवरा फोनवर म्हणाला, "तहान फार लागते गं. बाटली पुरत नाही. आणि लघवीला जाऊन जाऊन पाय मोडले."

पहिल्यांदा शुगर निघाली तेव्हा हेच झालं होतं. "मोज्यातलं घेताय ना?"

"कुठलं! मोजे पहिल्याच दिवशी कपड्यांबरोबर पिशवीत भरून नेले."

"मग मी डॉक्टरांना सांगते."

"वेडी का काय तू?" त्याचा आवाज खाली आला. "मुकादम शेजारच्या खाटेवर आहे. श्वास सुधारलाय माझा, आता थोडक्यासाठी कशाला? ऐक माझं. मला खाली उतरवू नकोस."

तिनं ऐकलं. नवऱ्याचं ऐकलं म्हणावं, की स्वतःच्या सवयीचं? त्या संध्याकाळी तिनं राहिलेली सगळी काजं पुरी केली.

दुसऱ्या दिवशी तो फोनवर भलतंसलतं बोलू लागला. गठ्ठा सुटला, खालची माणसं हलवा, असं काहीतरी. तेव्हा ती पायात सापडेल ते घालून धावली, हॉलच्या दाराशी रखवालदाराशी भांडली, आणि तो पोरसवदा डॉक्टर दिसताच रस्त्यावरून ओरडली, "त्यांना शुगर आहे! पहिल्यापासून आहे!" इतकी वर्षं सांभाळलेलं तिनं भर रस्त्यात ओतलं, आणि ऐकायला तिथे ओळखीचं कुणी नव्हतं.

डॉक्टर जागच्या जागी थांबला. "अहो, आधी का नाही बोललात?" शुगर तपासायच्या पट्ट्या कमी पडत होत्या. ज्यांनी शुगर सांगितली होती, त्यांचीच बोटं टोचली जात होती, आणि स्टेरॉइडच्या त्या इंजेक्शनानं शुगर वर उसळते. तो आत पळाला. त्यानं केलं असणार जे करायचं ते. पण क्रेनवाला पुन्हा तिच्याशी शुद्धीत बोलला नाही. गेला.

गेल्यावर तिनं डॉक्टरला एकच विचारलं. "आधी सांगितलं असतं, तर?"

तो थकलेला होता, आणि स्वभावानं चांगला असावा. "नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला. "या रोगाचं काही खरं नाही. शुगर असलेले वाचलेत, नसलेले गेलेत."

नक्की नाही सांगता येत. एवढं एक वाक्य घेऊन ती घरी आली आणि त्याच्या आधारानं जगली. मुकादम बरा होऊन आला, त्यानं कंपनीत शब्द टाकला, दिराला शिकवून भावाच्या जागी क्रेनवर घेतलं. खोट्या तपासण्या त्यानंच दिलेल्या, आता तर तोंड उघडणं म्हणजे दिराच्या पोटावर पाय. गल्ली हळहळत होती, हळहळीपेक्षा घाबरत जास्त होती. "इतका धडधाकट माणूस! त्याला काही नव्हतं, तरी गेला. मग आपलं काय?" लोक तिच्यासमोर म्हणायचे, आणि ती मान डोलवायची. रडतासुद्धा तिला मोकळेपणानं येत नव्हतं. रडता रडता तोंडातून काही निसटेल याची भीती.

काही आठवड्यांनी शेजारीण दारात आली. घड्याळवाल्याला ताप होता, दम लागत होता. "नेतेय त्यांना. पण वहिनी, तुमच्या ह्यांना काहीच नव्हतं तरी असं झालं. ह्यांना तर सगळंच आहे. शुगरचं सांगितलं तर बाजूला टाकतील म्हणतात. सांगूच नको ना?"

तिजोरीची सुई थांबली. गप्प बसणं किती सोपं होतं! काही करायचंही नव्हतं, नुसती मान हलवली की झालं. दीर त्या वेळी कामावर, वर काचेच्या खोलीत असेल.

"सांगा," ती म्हणाली. "जाताक्षणी सांगा. टेबलाशी पोचायच्या आधी सांगा."

"पण तुम्हाला काय माहीत? तुमच्याकडे कुणाला..."

"ह्यांना होती," ती म्हणाली. "मी लपवली."

शेजारीण वळली आणि नवऱ्याला घेऊन गेली.

घड्याळवाला वाचला. त्याच हॉलमध्ये, त्याच डॉक्टरच्या हाताखाली, तीच इंजेक्शनं घेऊन. दिवसातून कितीदा तरी बोट टोचायचे, शुगर चढली की इन्शुलिन द्यायचे. गल्लीनं पहिला नंबर लावलेला माणूस स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आला. शेजारणीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. अशी बडबडी बाई, पण तेवढं तिनं पोटात ठेवलं. ती आली आणि तिजोरीचे दोन्ही हात धरून रडली. "तुमच्यामुळे वाचले हो. डॉक्टर म्हणाले, आधी सांगितलंत म्हणून सांभाळता आलं. नाहीतर हाताबाहेर गेलं असतं. नक्की गेलं असतं, म्हणाले."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं, खोटं नाही.

शेजारीण गेल्यावर ती शर्ट घेऊन खिडकीशी बसली. दुपारची वेळ होती. भिंतीपलीकडून घोरणं सुरू झालं, आधी हळू, मग पहिल्यासारखं, आणि फळीवरचे डबे वाजू लागले. तिनं सवयीनं मान वळवून नवऱ्याच्या खाटेकडे पाहिलं. आता तो थाप मारेल म्हणून.