दुनळीचे तिसरे काडतूस

नव्वदचे दशक संपत आले असताना, हिवाळ्यातल्या एका गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या ठाण्यापासून बावीस किलोमीटरवरच्या एका इज्ब्यावर बंदुकीच्या तीन गोळ्या झाडल्या गेल्या. दोन कुत्री मेली. एक मोकाट होते. दुसरे शिकारी जातीचे, पाळीव होते. ही घटना मी आजही कागद न बघता सांगू शकतो.

वाळवंटाच्या कडेला कुंपण घालून शेळ्या आणि उंट ठेवतात, त्या जागेला तिथे इज्बा म्हणतात. आमचे ठाणे उत्तरेकडच्या एका अमिरातीत होते. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. त्या काळी तिथल्या पोलीस दलात भारतीयांना घेत असत. एकोणिसाव्या वर्षी शिपाई म्हणून लागलो आणि तेवीस वर्षांनी वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. ठाण्यात अरबी, हिंदी आणि मराठी जाणणारा मी एकटाच, त्यामुळे मजुरांचे बहुतेक जबाब माझ्याकडे येत.

सहा पन्नासला फोन आला. बोलणारा शेजारच्या इज्ब्याचा मालक होता. त्याचा सलुकी, म्हणजे शिकारी कुत्रा, मारला गेला होता आणि तो कुंपणाबाहेर मरून पडला होता. गोळ्यांचा आवाज ऐकून तो गाडीने तिथे पोहोचला, तेव्हा हिंदी गुराख्याच्या हातात बंदूक होती, असे त्याने सांगितले. तिथे हिंदी म्हणजे भारतातला.

आठ वाजता गुराखी ठाण्यात होता. वय पस्तिशीच्या आसपास, सांगोल्याकडचा धनगर, सहा वर्षे त्याच इज्ब्यावर. त्याच्यासोबत बाराबोरची दुनळी बंदूक, तीन रिकामी आणि आठ भरलेली काडतुसे आणली होती. कोणी काही विचारण्याआधीच त्याने तोडक्यामोडक्या हिंदीत, गोळ्या आपणच मारल्या असे सांगितले.

कायद्याची बाजू सरळ होती. त्या हिवाळ्यात मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या होत्या. आधीच्या महिन्यात त्याच इज्ब्यावर अकरा शेळ्या गेल्या होत्या आणि त्याची तक्रार आमच्याकडे नोंदलेली होती. जनावरे राखण्यासाठी बंदुकीचे परवाने दिले जात, पण अटींवर. गोळी परवानाधारकानेच झाडायची, आपल्या कुंपणाच्या आत झाडायची आणि त्याच दिवशी ठाण्याला कळवायचे. कुंपणाच्या आत जनावरांवर तुटून पडलेले कुत्रे कोणाचे आहे हा प्रश्न उरत नसे. बंदूक दुसऱ्याने चालवली तर मात्र चालवणारा तुरुंगात जाई आणि परवाना रद्द होई.

मी परवान्यांची नोंदवही काढली. त्या बंदुकीच्या क्रमांकापुढे ज्याचे नाव होते तो इज्ब्याचा मालक चार वर्षांपूर्वी वारला होता. म्हणजे बंदुकीला कायदेशीर धनीच नव्हता. तसा शेरा मी लिहिला.

ठाणे प्रमुख तिशीतले स्थानिक लेफ्टनंट होते. शिस्तीचे आणि घाईचे. त्यांच्या मते प्रकरण पूर्ण झाले होते: साक्षीदार आहे, बंदूक आहे, कबुली आहे. गुरुवारी सरकारी वकिलांची कचेरी एक वाजता बंद होई आणि शुक्रवारी सुट्टी असे. एकच्या आत कागद गेले पाहिजेत, जबाब तीन प्रतींत हवा, असे सांगून ते आपल्या खोलीत गेले. कागद एकदा तिकडे गेले की ठाण्याच्या हातात काही राहत नसे.

मी गुराख्याला चहा दिला आणि मराठीत गाव विचारले. मराठी ऐकून तो जरा सैल बसला. अरबाब, म्हणजे मालक, गेल्यापासून इज्बा कसा चालतो, शेळ्या किती, गाभण किती, हे त्याने भराभर सांगितले. चौसष्ट होत्या, आज चार गेल्या, सहांना चावे आहेत, सात गाभण आहेत. कबुली देणारा माणूस साधारण स्वतःविषयी बोलतो. हा फक्त शेळ्यांविषयी बोलत होता.

बंदूक रिकामी आहे याची खात्री करून मी ती टेबलावर ठेवली आणि गोळी कशी झाडली ते दाखवायला सांगितले. त्याने ती काठी उचलावी तशी मधोमध उचलली. दस्ता खांद्याला न लावता काखेत धरला. बाराबोरची बंदूक अशी धरून तीन वेळा झाडली तर माणूस पाठीवर पडतो. सदरा उतरवून खांदा दाखवायला सांगितला. खांद्यावर किंवा काखेत कुठेही वळ नव्हता.

"गोळ्या किती झाडल्या?" मी विचारले.

"तीन, सायेब."

दुनळीत दोनच काडतुसे बसतात. तिसऱ्यासाठी खटका दाबून ती मधून मोडावी लागते, रिकामे काढून नवे घालावे लागते.

"तिसरी कुठून भरलीस?"

त्याने नळीच्या तोंडाकडे बोट केले. "वरनं."

"ही वरून भरत नाहीत."

त्याने बंदूक टेबलावर परत ठेवली. मग म्हणाला, "कुठनं भरत्यात ती तुम्ही लिवा. माजं नाव घाला म्हंजे झालं."

"नाव घातलं की पुढं काय होतं, ठाऊक आहे?"

"जेल. मग इमानात घालून गावी."

"आणि तरी?"

"बंदूक ऱ्हाईल की घरात. बंदूक गेली तर म्हैन्याभरात येक शेरडू ऱ्हायचं न्हाई."

इथे त्याची समजूत उलटी होती. त्याने गुन्हा अंगावर घेतला की बंदूक वाचेल, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात बंदूक जाणार होती ती त्याच्या कबुलीमुळेच. मी ते त्याला समजावले. त्याने ऐकले, मान हलवली आणि जबाब बदलला नाही.

मग मी विचारले की घरात अजून कोण राहते. तोपर्यंत त्याने प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर दिले होते. या वेळी त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"घरातलं इचारू नका, सायेब."

माझ्या गावात आणि त्याच्या गावात ही भाषा एकच आहे. घरातले म्हणजे घरातली बाई. तिचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, पोलीस ठाण्यात तर नाहीच. बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, घरांतही हाच रिवाज होता. सहा वर्षांत त्याला तिथे नवीन काही शिकावे लागले नसणार.

मी लेफ्टनंटसाहेबांकडे गेलो आणि तीन तास मागितले. त्यांनी घड्याळ दाखवले. साडेनऊ झाले होते. साडेबारापर्यंत या, नाहीतर कागद जातील, असे ते म्हणाले.

माझ्याबरोबर एक वयस्क बदू हवालदार होता. त्याचे काम वाळूतले माग काढण्याचे. कुंपणाबाहेर चाळीस पावलांवर दोन्ही कुत्री शेजारी शेजारी ठेवलेली होती, पाय एकाच दिशेला. मेलेली कुत्री अशी पडत नाहीत, असे हवालदार म्हणाला. तिथून तो खाली बघत कुंपणाच्या आत गेला आणि शेळ्यांच्या गोठ्याजवळ थांबला. तिथली वाळू दाताळ्याने ओढून सारखी केलेली होती. त्याने बुटाच्या टोकाने वरचा थर बाजूला केला. खाली रक्त होते, दोन ठिकाणी.

पलीकडे पाण्याची पत्र्याची टाकी होती. तिला गुडघ्याच्या उंचीवर छर्ऱ्यांची भोके पडली होती. हुकलेली गोळी तिथे लागली होती. धार अजून वाहत होती आणि तीन शेळ्या तिला तोंड लावून उभ्या होत्या. त्या भोकांसमोर उभे राहून मागे वळून पाहिले की सरळ रेषेत घराचे दार येत होते.

दारापासून अंतर ठेवून मी खाकरलो आणि सलाम केला. एक वृद्ध बाई बाहेर आली. चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा बुरखा, हातात कॉफीची किटली. नवरा गेल्यापासून इज्बा तीच चालवत होती. मुलगा शहरात नोकरीला होता. तिने आधी आम्हाला बसवले, खजूर पुढे केले आणि कॉफी ओतली. मग विचारले की तिच्या माणसाला का नेले.

"खाला," मी म्हणालो, "त्याने सांगितलं की गोळ्या त्याने झाडल्या."

"तो खोटं बोलतो. मी झाडल्या. तीन. एक हुकली, टाकी फुटली."

हे तिने इतक्या सहज सांगितले की हवालदार कॉफी पिता पिता थांबला. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर शेळ्यांचा ओरडा ऐकून ती दारात आली होती. गुराखी गोठ्यात, दोन करडे काखेत धरून, लाथांनी कुत्र्यांना मागे सारत होता. त्याला बाजूला हो म्हणून ओरडून तिने नेम धरला. कुत्री पडल्यावर तिने बंदूक त्याच्या हातात दिली आणि घरात ठेवायला सांगून ती जखमी शेळ्यांकडे वळली. त्याने आधी कुत्री बाहेर ओढली, वाळू सारखी केली आणि मग बंदूक उचलली. शेजारी पोहोचला तो याच वेळी. पुढे ती गोठ्यात गुंतली होती आणि पोलिसांनी गुराख्याला कुंपणाबाहेरून, कुत्र्यांजवळून उचलले.

कुत्री बाहेर का ओढली आणि रक्त का झाकले, हेही तिने सांगितले. गाभण शेळ्यांना कुत्र्याचा आणि रक्ताचा वास सतत येत राहिला तर त्या गाभडतात, गर्भ टाकतात. गुराखी ते आपल्या गावाकडून शिकून आला होता. आम्ही ज्याला पुरावा लपवणे म्हणणार होतो ते त्याचे रोजचे काम होते.

मी तिला परवान्याचे विचारले. नवऱ्याचे नाव नोंदवहीत आहे आणि तो हयात नाही, हेही सांगितले. ती आत गेली आणि दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आली. त्यात परवाना होता. चार वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या मृत्यूनंतर, रीतसर तिच्या नावावर झालेला. वर तिचा फोटो, खाली आमच्याच खात्याचा शिक्का.

"तुमच्याकडे लिहिलेलं नाही?" तिने विचारले.

मी नाही म्हणालो. ते खरे नव्हते, पण मला ते अजून माहीत नव्हते.

तिचा जबाब मी तिथेच घ्यायला तयार होतो. तशी मुभा होती. तिने नकार दिला. आपल्या माणसाला जिथे नेले तिथेच बोलणार, असे म्हणून तिने चावी घेतली आणि पिकअपमध्ये बसली. वाटेत ती आमच्या पुढे होती. तिच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना होता की नाही, हे मी त्या दिवशी विचारले नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी ती ठाण्यात शिरली. लेफ्टनंट उठून उभे राहिले. गुराख्याने तिला पाहिले आणि तोही उठला.

"अम्मा, घर जाओ," तो हळूच म्हणाला.

तिने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. टेबलावरची बंदूक उचलली, अंगठ्याने खटका दाबून मोडली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिले आणि परत मिटली. मग मजुरांशी बोलायच्या हिंदीत त्याला म्हणाली, "तुम बंदूक मारता? तुमसे टूना का डब्बा नहीं खुलता."

ठाण्यातले दोन शिपाई हसले. गुराखी हसला नाही. त्याची मान खालीच होती.

लेफ्टनंटांनी मी इज्ब्यावर काढून आणलेला नकाशा पाहिला, त्यावरची टाकीची भोके, दार आणि रक्ताच्या जागा तपासल्या आणि तक्रारदाराला बोलावले. तो येईपर्यंत बाई लाकडी बाकावर ताठ बसून होती. त्याला नकाशा दाखवला. आपला कुत्रा पट्ट्याशिवाय सोडलेला होता आणि पहाटेपासून दिसत नव्हता, हे त्याने मान्य केले. बाईकडे बघून त्याने विचारले की मेलेल्या शेळ्यांचे काय द्यायचे. ती म्हणाली, काही नको, उरलेले कुत्रे बांधून ठेव. त्याने तक्रार मागे घेतली आणि सही केली.

मी नोंदवही पुन्हा उघडली. नवऱ्याच्या नावापुढची जागा संपली होती, म्हणून हस्तांतराची नोंद कोणीतरी मागच्या पानावर केली होती. तिचे नाव, तारीख, अधिकाऱ्याची सही, सगळे तिथे होते. सकाळी मी पान उलटले नव्हते. ती चूक मी लेफ्टनंटांना सांगितली आणि सकाळचा शेरा खोडून त्याखाली सही केली.

त्या प्रकरणात कबुली होती, साक्षीदार होता, हत्यार होते, आणि तिन्हींवरून निघालेला निष्कर्ष चुकीचा होता. इज्ब्यावर दोन माणसे राहत होती. साडेनऊपर्यंत आम्ही एकालाच विचारले होते. त्यानंतर माझ्या सगळ्या नोकरीत, कबुली हातात आली की त्या घरात अजून कोण आहे हे मी आधी विचारीत असे.

बारा पंचेचाळीसला गुराख्याला सोडले. बाहेर पिकअपमध्ये तो मागच्या हौद्यात चढू लागला. बाईने खिडकीतून हात काढून पुढच्या दाराकडे बोट केले. तो वळसा घालून गेला आणि पुढे बसला.

शनिवारी सकाळी बंदूक आणि आठ काडतुसे परत करायला मी इज्ब्यावर गेलो. पोचपावतीवर बाईने अंगठा दिला. टाकीची भोके डांबर लावून बुजवलेली होती. चावे बसलेल्या सहापैकी पाच शेळ्या उभ्या होत्या. सात गाभणांपैकी तीन शुक्रवारी व्याल्या होत्या. एकही गाभडली नव्हती.