नसलेला रकाना

मी तेव्हा बाळापूरला तहसील कचेरीत कारकून होतो. एका उन्हाळ्यात आमच्या सव्वा वर्षाच्या मुलीला जुलाब लागले. जुलाब लागले की आधी मुलाचं पाणी तोडायचं, अशी तेव्हा घरोघरी रीत होती. "वरून ओतलं का खालून जाते," आई म्हणाली. मला ते पटलं. हिशेबी माणसाला पटावं असंच ते होतं.

मी कागदावर रकाने आखले: वेळ, जुलाब, उलटी, ताप. पहिल्या दिवशी चौदा जुलाब, तीन उलट्या. दुसऱ्या सकाळी आठपर्यंत एकच जुलाब. मी पत्नीला म्हणालो, "कमी होऊन राहिले."

"जुलाब नाई, पोरगीच कमी होऊन राहिली," ती म्हणाली आणि पिशवी भरू लागली. मुलगी रडायचीही थांबली होती.

मिळाली ती एस.टी. धरून आम्ही अकोल्याला मुलांच्या दवाखान्यात आलो. तिथल्या डॉक्टरबाई खुर्चीवर बसण्याआधी बाकांपुढून एक फेरी मारत. गोवराचं, खोकल्याचं, कान धरून रडणारं, सगळ्या मुलांकडे बघत. आमच्यापुढे अकरा जण होते, पण त्यांनी आम्हालाच आत घेतलं. कोणीतरी कुरकुरलं. "रडनारं पोरगं थांबू शकते, गप झालेलं नाई," बाई म्हणाल्या.

माझा कागद त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. कागद असा वाचणारा अधिकारी मी कचेरीतही क्वचितच पाहिला.

"चांगलं लिवलं. अन् मुतली कवा?"

मी कागदाकडे पाहिलं. तो रकानाच नव्हता.

"काल दुपारपासून नाई," पत्नी म्हणाली.

बाईंनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. चुणी तशीच उभी राहिली.

"पानी किती देल्लं?"

"बंद ठेवलं आहे."

"काहून?"

मी कारण सांगितलं.

"गेलं ते मोजलं, अन् जमा काहीच नाई! कारकून दिसता ना तुमी?"

उकळून गार केलेल्या पाण्यात त्यांनी मीठ-साखर घातली, ते स्वतः चाखलं, पत्नीलाही चाखायला लावलं. "आसवापेक्षा खारट नको. दर मिनिटाले एक चमचा. दोन घंटे पाहू. लघवी नाई झाली, तर सुई टोचून सलाईन चढवा लागन. मंग मात्र काही सांगता येत नाई."

आम्ही व्हरांड्यात बसलो. सतराव्या चमच्याला मुलीने सगळं ओकलं. मी आत धावलो. बाई दुसऱ्या मुलाची छाती तपासत होत्या, मान न वळवता म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा, मंग पुन्हा सुरू."

त्यानंतरचे चमचे पोटात राहिले. मी घड्याळ बघत होतो, पत्नी मुलीचं तोंड. पाऊण तास गेला, तास गेला. मुलगी चमच्याकडे स्वतःहून तोंड न्यायला लागली, पण लंगोट कोरडाच.

दीड तास उलटला आणि पत्नी एकदम ताठ झाली. "अवो," ती म्हणाली, "ऊन ऊन लागून राहिलं."

लुगडं मांडीवर भिजलं होतं. मी पुसायला पंचा काढला, तर तिने माझा हात झटकला. "पुसू नका. आधी बाईले दाखवते."

ती तशीच आत गेली. बाईंनी ओल्या लुगड्यावर हात ठेवून पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. "आता सुई नाई लागत," त्या म्हणाल्या, "पाजत राहा."